उडून जाईपर्यंतचा आनंद

मार्च संपत आला की रियाधमध्ये एक दिवस असा उजाडतो की गाडीचा एसी लावल्यावाचून गत्यंतर राहत नाही. तोवर काचा खाली करून निभावलेलं असतं. यंदा तो दिवस परवा आला. दुपारी ओलायातल्या ऑफिसच्या तळघरातून गाडी उन्हात काढली, सिग्नलला थांबलो, बटण दाबलं. समोरच्या जाळीतून आधी धुळीचा भपका आला. आणि त्याच्या मागोमाग, अगदी पुसट, गुलाब.

मी हिशेबी माणूस आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो: वाळलेल्या पाकळ्यांना इतक्या वर्षांनी वास येऊ शकत नाही. आमच्या मुलीचं, सईचंही तेच मत. "बाबा, इट्स ओन्ली इन युअर हेड," ती म्हणते. ती सायन्सला आहे, तेव्हा तिचं बरोबर असणार. पण पाकळ्या आत आहेत, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. काही वर्षांपूर्वी ताइफच्या गुलाबांच्या ओंजळभर पाकळ्या डॅशबोर्डवर ठेवल्या होत्या, त्यातल्या काही काचेच्या पायथ्याच्या फटीत घसरल्या त्या घसरल्याच. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने हवेची नळी लावून फुंकर मारली आणि "खलास साब, सब निकल गया" म्हणून मोकळा झाला. सगळं निघालेलं नाही. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, आणि मी एकटाच हसत बसलो होतो.

तो ऋतू, म्हणजे फेब्रुवारीतल्या बोचऱ्या वाऱ्यापासून ईदनंतरच्या गुलाबांपर्यंतचा काळ, आमच्या घरात असा गेला की त्याला मराठीत काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कॅंटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या भाषेत, मात्र सांगता येतं.

माझं काम मोजमापाचं. इमारतीला सळई किती लागेल, फरशी किती, काच किती, हे नकाशावरून काढून द्यायचं. फरशीचं माप काढलं की तुटफूट म्हणून थोडी जास्त धरायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. घरात मी हाच नियम उलटा लावत आलो. सईचा निकाल चांगला लागला, प्रमोशन झालं, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, वेळेत नूतन झाला, की आनंदातून पाच टक्के आधीच वजा करून ठेवायचे. पुढे काही तुटलंफुटलं तर तेवढं कमी लागतं. आमच्याकडे, चिपळूणला, सगळे असंच करायचे. पेढे वाटतानासुद्धा आवाज खाली ठेवून वाटायचे.

वृंदा, माझी बायको, माझ्याबरोबर रियाधला आली तेव्हा सई जन्मायची होती. अल मलाझमधल्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर आम्ही तेव्हापासून आहोत. ती घरी लहान मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. तिला कुठेही जायचं झालं की मी ऑफिसमधून येऊन खाली गाडी उभी करायचो आणि हॉर्न वाजवायचो. दोन हॉर्न म्हणजे "आलोय". तिसरा म्हणजे "किती वेळ?" तिसऱ्याला ती जिन्यात असायची, एका हाताने चप्पल नीट करत. ही पद्धत इतकी रुळली होती की तिच्यात काही खटकण्यासारखं आहे हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. म्हणजे माझ्या तरी. बायका गाड्या चालवायला लागून इथे चांगली वर्षं लोटली होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली शिक्षिका रोज सकाळी स्वतःची गाडी काढायची, आणि त्यात कोणालाच नवल उरलं नव्हतं. नवल उरलं होतं ते आमच्या घरात.

"मी ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातलंय," एका संध्याकाळी आमटी वाढताना वृंदा म्हणाली.

सईच्या हातातला घास थांबला. "आई! सच्ची? ओह माय गॉड!"

मी म्हणालो, "विचारलं नाहीस."

"सांगतेय ना आता."

"पण तुला आत्ता मध्येच…"

"मध्येच काय? सई पोटात होती तेव्हापासून तुमच्या शेजारी बसलेय. आता जरा पलीकडच्या बाजूला बसून बघते." आणि मला अजून एक डाव आमटी वाढली, बोलणं संपलं असं दाखवायला.

त्या शाळेत तिला आयव्ही भेटली. हाँगकाँगची, वृंदाच्याच वयाची, कापलेले केस, मोठा चष्मा. नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनीयर, कराराने आलेला. हाँगकाँगला आयव्हीने बरीच वर्षं गाडी चालवली होती, तरी इथला परवाना काढायचा तर पुन्हा शिकणं आलं. तिच्यात आणि आपल्यात एक साम्य आहे, ते मला तोवर माहीत नव्हतं. तिच्याकडेही वाहनं आपल्यासारखीच रस्त्याच्या डावीकडून चालतात. सौदीत उजवीकडून. म्हणजे एकीचा हात डावीकडे बसलेला, आणि दुसरीने जन्मात सायकलखेरीज काही चालवलं नसलं तरी ती सायकल चिपळूणच्या रस्त्याच्या डाव्या कडेने हायस्कूलला गेलेली. दोघींचं जमलं ते यावरच. बोलायच्या कोणत्या भाषेत, हे मी अनेकदा ऐकूनही सांगू शकत नाही. थोडं इंग्रजी, थोडं अरबी, बरंचसं हातवारे. अडत काही नव्हतं.

पहिल्यांदा मैदानात गाडी स्वतः पुढे नेली त्या दिवशीची वृंदा मला जशीच्या तशी आठवते. मी तिला घ्यायला गेलो होतो. गाडीत बसल्यापासून घरी येईपर्यंत तिचं बोलणं थांबलं नाही. क्लच नाही म्हणजे किती बरं, शिकवणारी नूरा कशी कडक आहे, नारिंगी शंकू कसा पडता पडता राहिला. घरी येऊन तिने आमटीला फोडणी दिली, आणि बोलता बोलता पुन्हा एकदा दिली. आम्ही ती दोन फोडण्यांची आमटी जेवलो. चांगली लागली, खोटं कशाला सांगू.

जेवताना आयव्हीचा फोन आला. वृंदाने तो स्पीकरवर टाकला. पलीकडून आयव्ही एक वाक्य म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि दोघी खिदळायला लागल्या.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"आम्ही दोघी ते आहोत. हॉय-सम तोउ फेय-हेय."

"म्हणजे काय?"

मग आयव्हीने मला फोनवरून शिकवलं. हॉय-सम म्हणजे आनंद. त्यातल्या दोन शब्दांचा अर्थ बघायला गेलं तर उघडलेलं मन. तोउ म्हणजे पर्यंत. फेय-हेय म्हणजे उडून वर जाणं. उडून जाईपर्यंत आनंद. पहिले दोन सूर वरच्या पट्टीत सपाट, मधला जरा खाली, पुढचा पुन्हा वर, आणि शेवटचा खालून वर चढत जाणारा, आपण प्रश्न विचारताना आवाज नेतो तसा. मी म्हणून दाखवलं. मग आयव्ही अत्यंत सभ्यपणे म्हणाली, "मिस्टर साळवी, तुम्ही कोणीतरी वारल्याची बातमी देताय असं वाटलं."

सई खुर्चीवरून पडायची बाकी होती.

"बरं, हे उडून गेल्यावर उतरायचं कधी?" मी विचारलं. मला मनापासून शंका होती. गोष्ट वर गेली की तिची खाली यायची सोय आधी बघावी लागते. आयव्हीचा नवरा तर लिफ्टच्याच धंद्यात.

"उतरायचं त्या वाक्यात नाहीये," आयव्ही म्हणाली. "उतरवणं हे तुमचं खातं."

त्यावर वृंदा इतकी हसली की फोन हातातून निसटला.

मी त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला. आपल्याकडे उडण्याचे शब्द काही कमी नाहीत. हवेत असणं आहे, पाय जमिनीवर नसणं आहे, आभाळ ठेंगणं होणं आहे. पण हे आपण बहुधा दुसऱ्याबद्दल बोलतो आणि बहुधा त्याला खाली आणण्यासाठी बोलतो. "फार हवेत आहे हल्ली." "पाय जमिनीवर राहू देत हो." मी स्वतः हवेत आहे, असं खुशाल सांगणारा माणूस मी चिपळुणात पाहिलेला नाही. आपल्याकडे आनंदाने माणूस उडी मारतो, आणि उडी मारलेला माणूस लगेच खाली येतो. उडीची तीच तर व्याख्या. आयव्हीच्या वाक्यातला माणूस वर जातो आणि वरच असतो. तो आठवडाभर तिथे राहिला तरी कोणी त्याला हिशेब मागत नाही.

वृंदा तर आठवडे राहिली. ती नोंद घेण्यासारखी गोष्ट होती. मला वाटलं होतं, दोन दिवसांत ओसरेल. नवीन मिक्सरचं असं होतं, नवीन पडद्यांचं होतं. हे ओसरेना. संध्याकाळी शिकवण्या संपल्या की हॉलमध्ये जेवणाच्या खुर्च्या ओळीने मांडल्या जायच्या आणि ही परात हातात घेऊन पुढच्या खुर्चीवर. सई मागे बसून "मॅडम, एअरपोर्ट चलोगे?" म्हणायची. परात उजवीकडे वळायची, डावीकडे वळायची, आणि मागे बघत बघत रिव्हर्स. माझंही काही योगदान असावं म्हणून मी आमच्या गाडीच्या वळणाची त्रिज्या काढली आणि पार्किंगच्या चौकटीचा, प्रमाणात, नकाशा करून दिला. बाण वगैरे काढून. वृंदाने तो नीट पाहिला, चष्मा लावून पाहिला.

"छान आहे. आता तुम्ही काय करा, मागच्या खुर्चीवर बसा आणि गप्प राहा. नूरा पण अशीच बसते."

सकाळी कणीक मळताना ती गुणगुणायची. फुलकोबी निवडताना आरशात बघितल्यासारखी मान वळवायची. रस्त्यात माझ्या शेजारी बसली की मी इंडिकेटर द्यायच्या आधीच तिचं बोट हलायचं. आणि मला, ज्याने आयुष्यभर पाच टक्के वजा केले त्याला, ऑफिसात सळईचं वजन काढताना मध्येच हसू यायला लागलं. टेबलाजवळचा केरळी सहकारी विचारायचा, "क्या हुआ साळवीभाई, लॉटरी लगा क्या?" काय सांगणार? बायको परात चालवते म्हणून?

त्या आनंदाला एक तारीख मात्र लागलेली होती. आयव्हीच्या नवऱ्याचा करार संपत होता. ईदनंतर थोड्याच दिवसांत ती दोघं कायमची परत जाणार होती. आणि आयव्हीला जाण्याआधी पश्चिमेच्या डोंगरातल्या ताइफचे गुलाब झाडावर बघायचे होते. ते गुलाब वसंतात थोडेच आठवडे असतात, पहाटे खुडतात, आणि ऊन चढलं की त्यांचा वास उडून जातो. दोघींनी शाळेच्या बाकावर बसून ठरवून टाकलं होतं: ईदच्या सुट्टीत ताइफ, आणि तिथून जवळच्या शफा डोंगराचा घाट वृंदा चढवणार.

"घाट कशाला? सरळ रस्त्यावर चालव की," मी म्हणालो होतो. "रियाधपासून ताइफपर्यंत सरळच आहे सगळं. आठशे किलोमीटरला आलं."

"सरळ रस्त्यावर गाडी आपली आपणच जाते. घाट मला हवाय."

एवढं ती क्वचित मागते. म्हणजे परवाना ईदच्या आधी हातात यायला हवा होता. नापास झालं की पुन्हा परीक्षेची वेळ मिळायला दिवस जायचे, आणि रमजान तोंडावर आला होता.

पहिल्या परीक्षेला मी बाहेर, गाडीत बसून होतो. मिनिटामिनिटाला घड्याळ बघत. मी स्वतः परीक्षा दिली तेव्हा असं काही झालं नव्हतं. वृंदा बाहेर आली, शेजारी बसली, पट्टा लावला. मी वाक्य तयार ठेवलं होतं, असू दे, पुढच्या वेळी होईल, असं काहीतरी. ती सरळ समोर बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे.

"अहो, सगळं बरोबर केलं मी," ती कशीबशी म्हणाली. हसत होती! "आरसा बघितला, इंडिकेटर दिला, वेग बरोबर. दवारला वळसा घातला, बाहेर पडले, आणि इतकी व्यवस्थित, इतक्या आत्मविश्वासाने डावीकडून गेले. एकदम कडेने! नूरा म्हणाली, मदाम, फार सुंदर चालवलंत, पण कोणत्या देशात?"

दवार म्हणजे इथलं गोल चक्कर. त्या मोकळ्या चक्करमधून बाहेर पडताना समोर दुसरी गाडी नसली की शरीर आपलं जुनं घर शोधतं. आयव्हीनेही आधी नेमकं हेच केलं होतं, हाँगकाँगच्या बाजूने गेली होती. ती दुसऱ्या वेळी पास झाली.

त्या संध्याकाळी वृंदा खाली आली असेल म्हणून मी हळूच चाचपलं. "मग आता? ते तुमचं उडणं?"

"उडतेच आहे. नापास झाले म्हणून काय उतरायचं?" आणि मग, ओट्याकडे तोंड करून, जरा वेगळ्या आवाजात, "फक्त आयव्ही जायच्या आत व्हायला हवं हो."

तेवढं एकच वाक्य. पण त्या रात्री परात जागेवर राहिली, आणि मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आणि आयव्ही बत्हाच्या बाजारात गेल्या आणि हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आल्या. फक्त उजव्या हातात घालायच्या. आयव्हीच्या हातात त्या चढेनात, तर वृंदाने साबण लावून चढवल्या. "उजवीकडे डावीकडे असा विचारच करायचा नाही," वृंदाने मला समजावलं. "बांगड्यांच्या बाजूला राहायचं. हाताला कळतं." मोजमापाच्या दृष्टीने मला यात काहीही दोष काढता आला नाही. हॉलमध्ये पुन्हा खुर्च्या लागल्या, परातीवर काच किणकिणायला लागली. रमजानात शिकवण्यांची वेळ पुढे सरकली, शाळेची वेळ बदलली, इमारतभर संध्याकाळी तळणीचा वास सुटायचा, आणि आमच्या घरातून किणकिण.

ईदच्या आधीच्या आठवड्यात ती पास झाली. या वेळी मी गाडीत बसून राहिलो नाही. बाहेर फाटकाशी उभा होतो, आणि आतून दोन बायकांची किंकाळी ऐकू आली. आयव्ही फक्त सोबत म्हणून गेली होती, पण आवाज तिचाच मोठा. पाठोपाठ नूराचा आवाज, "यल्ला, यल्ला, बाहेर जाऊन ओरडा!" वृंदा फाटकातून धावत आली. धावत! मी तिला धावताना शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. मी काहीतरी बोलणार होतो, तर तिने हात पुढे केला.

"काय?"

"किल्ली."

ताइफच्या वाटेवर आयव्हीने मला एका वाक्यात मागे बसवलं. तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, ती एकटीच आली होती आणि पाहुणी होती, तेव्हा पुढची सीट तिची. माझ्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर मी तोवर एकदाही बसलो नव्हतो. तिथे गुडघ्यांना जागा कमी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. एका बाजूला सई कानात इअरफोनची बोंडं घालून, दुसऱ्या बाजूला दशम्यांचा डबा आणि आयव्हीचा थर्मास. त्यातला चहा इतका कडक उकळलेला आणि इतका दुधाळ होता की वृंदा म्हणाली, हा तर आमच्या एसटी स्टँडवरचा. आयव्ही म्हणाली, नाही, हा आमच्या स्टँडवरचा. समोर दोन डोकी, एक आखूड केसांचं, एक अंबाड्याचं, आणि त्यांच्यामधून दिसणारा वाळवंटाचा सरळ रस्ता. उंट. पुन्हा रस्ता. निम्मा रस्ता मी चालवला आणि निम्मा वृंदाने, पण मला आठवतो तो मागे बसलेला निम्माच. माझा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता.

"बाबा, तुम मेरा बॅग दबा रहे हो," सई म्हणाली. "रिलॅक्स यार."

ताइफला मुक्काम केला आणि पहाटे शफाकडे निघालो. वृंदा स्टिअरिंगवर. उजाडायला लागलं होतं. रस्ता चढायला लागला, वळणं सुरू झाली, आणि एका वळणानंतर एकाएकी धुकं. मी काच खाली केली. गार, ओला वारा आत आला, त्यात झाडांचा हिरवा वास. सौदीत इतकी वर्षं राहून माझं नाक तो वास विसरलं होतं. कठड्यावर वानरं बसलेली, एकापुढे एक, पिल्लं पोटाशी धरून, गाड्यांकडे बघत. धुकं, कठडा, वानरं. मी आमच्या चिपळूणच्या कुंभार्ली घाटात होतो. मनात नव्हे, सगळाच्या सगळा तिथे. आणि त्याच क्षणी पुढच्या वळणावर धुक्यातून एका पिकअपचे दिवे आले.

"डावीकडे!" मी ओरडलो. "वृंदा, डावीकडे घे, डावीकडे!"

गाडी तसूभरही डावीकडे गेली नाही. समोर स्टिअरिंगवर बांगड्या किणकिणल्या, गाडी उजव्या कडेला आणखी जराशी सरकली, वेग कमी झाला, आणि पिकअप डावीकडून, जिथे मी तिला जायला सांगत होतो त्याच जागेवरून, शांतपणे निघून गेली. मागे पांढऱ्या पोत्यांची रास होती. उघड्या काचेतून वासाची एक लाट आत आली आणि गाडी भरून गेली. गुलाबच होते.

सईने कानातली बोंडं काढली. मग वृंदा आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, तुम्ही मागे बसा."

"मागेच बसलोय."

"तेच. तिथेच बसा."

आयव्हीला अर्थ कळला असणं शक्य नव्हतं, पण ती पुढच्या दोन वळणांपर्यंत हसत होती. मीही. छातीत काहीतरी वर वर चाललं होतं. ज्या देशात मी रोज ऑफिसला गाडी नेतो त्या देशाची उजवी बाजू मला घाटात आठवली नाही, आणि जी परातीवर शिकली तिच्या हाताला ती पक्की ठाऊक होती. यातून किती टक्के वजा करायचे? मी प्रयत्न करून पाहिला. काही वजा होईना.

बागेत आम्ही पोहोचलो तेव्हा खुडणी चालू होती. माणसं कमरेला कापडाच्या झोळ्या बांधून वाफ्यांतून पुढे सरकत होती, दोन बोटांनी फूल खुडून झोळीत टाकत होती, घाईघाईने, कारण डोंगरामागून ऊन येत होतं. गुलाब लहान असतात, आपल्याकडच्या हाराच्या गुलाबाएवढे, फिके, पण पाकळ्या गच्च. पलीकडच्या शेडमध्ये तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून वाफ येत होती. बागेचा म्हातारा मालक पुढे आला. गाडीच्या ड्रायव्हरच्या दारातून वृंदा उतरताना त्याने पाहिलं, तिच्या हातातल्या हिरव्या काचा पाहिल्या, आणि ओंजळभर पाकळ्या तिच्या ओंजळीत ओतल्या. त्याच तिने नंतर डॅशबोर्डवर ठेवल्या.

आयव्ही वाफ्याच्या टोकाला उभी होती, चष्म्यावर दव. ती काही म्हणाली नाही, म्हणून मीच म्हणालो. हॉय-सम तोउ फेय-हेय. पहिले दोन सूर वर, मधला जरा खाली, आणि शेवटचा चढत गेला, मी नेला नाही, आपोआप गेला. आयव्हीने वळून बघितलं.

"मिस्टर साळवी," ती म्हणाली, "आज कोणी वारलेलं नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. विमानतळावर तिला सोडायला वृंदानेच गाडी नेली. येताना ती एकटी होती आणि वाटेत एकदा थांबून रडली, असं तिने सांगितलं, आणि थांबताना इंडिकेटर दिला होता हेही सांगितलं. बांगड्या एकेक करून फुटल्या. आता लागतही नाहीत.

दरवर्षी या सुमाराला हाँगकाँगहून एक शब्दाचा मेसेज येतो: "उतरलात?" वृंदा त्याला उत्तर देते आणि मला दाखवत नाही. परवा एसीतून वास आला हे मी घरी आल्यावर तिला सांगितलं. तिने वाद घातला नाही. खाली जाऊन गाडीत बसली, जाळीला नाक लावून आली, आणि तो मेसेज उघडून फोन माझ्या हातात दिला. "या वर्षी तुम्ही सांगा."

मी तपासल्याशिवाय काही लिहून देत नाही. दोन दिवस घेतले. सकाळी उठताना पाहिलं, ऑफिसात पाहिलं, सिग्नलला पाहिलं. आज गुरुवार आहे, बॅगा खाली गेल्या आहेत, दशम्यांचा डबा गेला आहे, सई गेली आहे. आम्ही ताइफला निघालो आहोत. मी चष्मा शोधायच्या निमित्ताने वर थांबलो आणि हे लिहीत बसलो. खालून आत्ताच दोन हॉर्न झाले. चौथ्या मजल्यावर ते असे ऐकू येतात तर, एकामागोमाग एक, घाईचे आणि खुशीचे.

तिसरा व्हायच्या आत जिन्यात असायला हवं. आयव्हीला कळवून टाकलं: अजून नाही.